काम मिळेल, पण राहणार कुठे? अमेरिकेच्या वायोमिंगमध्ये बांधकामाच्या कामासाठी जाणाऱ्यांसमोरचा खरा प्रश्न

८ जून २०२४. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या टेटन पास या घाटात रस्त्याचा एक अख्खा तुकडा भरावासकट खाली गेला. तडे दिसल्यामुळे रस्ता आधीच बंद केला होता, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. पण हजारो लोकांचा रोजचा कामाचा रस्ता तुटला.

घाटाच्या एका बाजूला जॅक्सन हे श्रीमंत पर्यटकांचं गाव आहे. दुसऱ्या बाजूला शेजारच्या आयडाहो राज्यातली व्हिक्टर आणि ड्रिग्ज ही छोटी गावं. जॅक्सनमध्ये बंगले बांधणारे सुतार, प्लंबर, रंगारी यांच्यापैकी अनेकजण घाटापलीकडे राहतात, कारण आपण बांधतो त्या गावात भाड्याने राहणंही त्यांना परवडत नाही. घाट बंद झाल्यावर त्यांचा एका बाजूचा प्रवास तासाभराहून जास्त वाढला. २८ जूनला तात्पुरता वळणरस्ता खुला झाला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

रस्ता खचल्यानंतर दोनच दिवसांनी, १० जूनला, याच राज्याच्या नैऋत्येकडच्या केमरर गावाजवळ मोठ्या अणुवीज प्रकल्पाच्या कामाला सुरुवात झाली. कंपनीच्या अंदाजानुसार काम ऐन भरात असताना तिथे सुमारे १,६०० कामगार लागतील. २०२० च्या जनगणनेनुसार केमररची लोकसंख्या होती २,४१५.

या दोन घटनांमधून वायोमिंगचं गणित कळतं. इथे बांधकामाचं काम मिळू शकतं. अवघड असतं ते राहायला जागा मिळणं आणि काम संपल्यावर पुढचं काम शोधणं.

वायोमिंग आहे तरी कसं?

या राज्याचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास ८० टक्के. लोकसंख्या मात्र २०२० मध्ये होती ५,७६,८५१. एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ मध्ये साधारण साडेपाच लाख होती. म्हणजे कोल्हापूर शहरातली माणसं जवळपास महाराष्ट्राएवढ्या प्रदेशात पसरली तर जसं दिसेल, तसं हे राज्य आहे. राजधानी शायेनची वस्तीही फक्त ६५ हजारांच्या आसपास.

त्यामुळे एखादा मोठा प्रकल्प आला की स्थानिक कामगार पुरत नाहीत आणि बाहेरून माणसं बोलवावी लागतात.

काम कुठे मिळतं?

साधारण चार ठिकाणी. पहिलं ऊर्जा प्रकल्पांवर. केमररचा टेरापॉवर कंपनीचा ३४५ मेगावॉटचा प्रकल्प हे त्याचं ताजं उदाहरण. ही कंपनी बिल गेट्स यांनी स्थापन केली आहे. रॉलिन्सच्या परिसरात पवनऊर्जा आणि वीजवाहिन्यांची कामं आहेत. दुसरं, शायेनमधली डेटा सेंटर्स. तिथे इलेक्ट्रिशियनना विशेष मागणी असते. तिसरं, जॅक्सन परिसरातली महागडी घरं. आणि चौथं, रस्ते, पूल, शाळा अशी सरकारी कामं.

काम शोधण्यासाठी राज्याच्या कामगार विभागाची केंद्रं आणि नोकऱ्यांचं सरकारी पोर्टल आहे. कुशल कामगारांसाठी युनियनची कार्यालयंही असतात. पण लहान गावांत तोंडओळखीला जास्त महत्त्व असतं. लाकडाच्या वखारीत किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर कोणत्या कंत्राटदाराला माणसं हवी आहेत हे लवकर कळतं. वेळेवर येणारा माणूस म्हणून नाव झालं की पुढचं काम सोपं जातं. नाव खराब झालं तर तेही तितक्याच वेगाने पसरतं.

परवाना लागतो का?

इथे अनेकांची गफलत होते. वायोमिंगमध्ये सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदारासाठी राज्य पातळीवरचा परवाना नाही. तो शहर किंवा काउंटी, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासन, देतं. त्यामुळे एका शहरात चालणारा परवाना दुसऱ्या शहरात चालेलच असं नाही.

इलेक्ट्रिशियनचं वेगळं आहे. त्यांचा परवाना राज्यच देतं. त्यासाठी कित्येक वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा लागते. काही राज्यांतले परवाने इथे मान्य होतात, सगळ्या नाही. सामान हलवण्याआधी हे तपासलं नाही, तर अनुभवी वायरमनलाही हेल्पर म्हणून सुरुवात करावी लागू शकते.

हातात किती पैसे राहतात?

वायोमिंग वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर आकारत नाही. केंद्राचा प्राप्तिकर मात्र भरावाच लागतो. सरकारी निधीतल्या कामांवर १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो. २,००० डॉलरपेक्षा मोठ्या केंद्र सरकारी बांधकाम कंत्राटांवर त्या भागातल्या प्रचलित दराने मजुरी द्यावी लागते. त्यामुळे एकाच गावात खासगी घराच्या आणि सरकारी इमारतीच्या कामावर सुताराला वेगवेगळी मजुरी मिळू शकते.

मोठ्या प्रकल्पांवर लांबून आलेल्या कामगारांना अनेकदा मजुरीशिवाय रोजचा राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो. पण हा भत्ता साधारणपणे ज्याचं घर दूर आहे त्यालाच असतो. कामगार कुटुंबासह त्याच गावात राहायला आला की तो स्थानिक ठरतो आणि भत्ता बंद होऊ शकतो. म्हणूनच अनेकजण घर मूळ गावी ठेवून एकटेच येतात.

दुसरा मुद्दा कागदाचा. नोंद पगारी कामगार म्हणून होते की स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, हे पहिल्याच दिवशी विचारावं लागतं. वायोमिंगमध्ये बांधकाम मजुरांचा अपघात विमा मालकाला राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो. खासगी कंपन्या तो विकू शकत नाहीत. अशी व्यवस्था अमेरिकेत फक्त चार राज्यांत आहे. पण स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नोंद झाली तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. शिवाय सामाजिक सुरक्षेच्या करातला मालकाचा वाटाही स्वतःलाच भरावा लागतो. तासाचा दर चांगला दिसला तरी हा खर्च धरल्यावर हिशेब बदलतो.

हा विमा किती महत्त्वाचा आहे? कामावर होणाऱ्या मृत्यूंचा वायोमिंगचा दर अमेरिकेतल्या सर्वाधिक दरांपैकी आहे. त्यात रस्ते अपघातांचा वाटा मोठा आहे.

घरं का मिळत नाहीत?

जॅक्सनचं कारण जमिनीत आहे. टेटन काउंटीतली सुमारे ९७ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे. त्यात राष्ट्रीय उद्यानं आणि वनक्षेत्र येतं. उरलेल्या तीन टक्क्यांत अतिश्रीमंतांशी स्पर्धा करून मजुराला घर मिळणं जवळपास अशक्य.

केमररसारख्या गावाचं कारण वेगळं आहे. तिथे जमीन भरपूर, पण काही वर्षांपुरत्या येणाऱ्या हजार-दीड हजार माणसांसाठी पक्की घरं बांधायला कुणी धजावत नाही. प्रकल्प पूर्ण झाल्यावर तिथे सुमारे २५० कायमस्वरूपी नोकऱ्या राहतील, असा कंपनीचा अंदाज आहे. मग कामगार मोटेलमध्ये, तात्पुरत्या वसाहतींत किंवा गाडीला जोडलेल्या कॅम्परमध्ये राहतात. उन्हाळ्यात कॅम्पर चालून जातो. हिवाळ्यात त्यातले पाण्याचे पाइप गोठतात आणि गरम ठेवायचा खर्च वाढतो.

हिवाळ्याचा फटका कामालाही बसतो. शायेन समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत ताजं काँक्रीट गोठू नये म्हणून त्यावर उबदार आच्छादन घालावं लागतं. वारा आणि बर्फामुळे आय-८० हा मुख्य महामार्ग अधूनमधून बंद होतो. अनेक लहान कंत्राटदार हिवाळ्यात काम कमी करतात. म्हणजे वर्षाचा हिशेब बारा महिन्यांच्या मजुरीवर मांडला तर तो चुकण्याची शक्यता जास्त.

तेजी ओसरल्यावर काय होतं?

वायोमिंगने हे आधी अनुभवलं आहे. १९७० च्या दशकात रॉक स्प्रिंग्जजवळ जिम ब्रिजर औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, खाणकामही वाढलं. स्वीटवॉटर काउंटीची लोकसंख्या दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाली. घरं, शाळा, दवाखाने अपुरे पडले. जिलेट या कोळशाच्या गावात दारू, नैराश्य, घटस्फोट इतके वाढले की १९७४ मध्ये एल्डीन कोर्स या मानसशास्त्रज्ञाने त्याला ‘जिलेट सिंड्रोम’ असं नाव दिलं. ट्रेलरमध्ये एकट्या पडलेल्या कुटुंबांचं दुखणं त्यातून पुढे आलं.

त्यानंतर १९७५ मध्ये राज्याने कायदा केला. मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी गावावर काय परिणाम होईल आणि कामगार कुठे राहतील, हे मांडावं लागतं. मात्र काम संपल्यावर मजुराचं पुढे काय, याचं उत्तर या कायद्यात नाही.

भारतातून थेट जाता येतं का?

सहजासहजी नाही. वर सांगितलेलं सगळं अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी असलेल्यांसाठी आहे. एच-१बी व्हिसा पदवी लागणाऱ्या विशेष कामांसाठी असतो. गवंडी किंवा सुतारकाम त्यात बसत नाही. शेतीबाहेरच्या हंगामी कामांसाठी एच-२बी व्हिसा आहे. त्याची वार्षिक मूळ मर्यादा संपूर्ण देशासाठी ६६ हजार आहे आणि अर्ज मालकालाच करावा लागतो. या व्हिसासाठी कामगाराकडून भरतीचं शुल्क घेणं नियमात बसत नाही. त्यामुळे ‘पैसे भरा, अमेरिकेत बांधकामाचं काम पक्कं’ असं कुणी सांगत असेल, तर तिथेच सावध व्हायला हवं.

निघण्याआधी काय विचारायचं?

तासाचा दर किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत: काम किती महिन्यांचं आहे? नोंद कामगार म्हणून होणार का? माझा परवाना त्या गावात चालतो का? आणि जानेवारीत मी कुठे राहणार? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मूळ गावचं घर सोडू नये. टेटन पासपलीकडे राहणाऱ्या मजुरांकडे निदान आयडाहोतलं घर तरी होतं. तो रस्ता तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झाला. घर सोडून आलेल्याला काम संपल्यावर परतायला जागा उरत नाही.