आमचुराची स्वच्छता आणि सूक्ष्म पायस

सातपुड्यातील धडगाव परिसरात चैत्र-वैशाख लागला की घरोघरी आमचुराची लगबग सुरू होते. कैऱ्या उतरवावयाच्या, सोलावयाच्या, फोडी करून उन्हात वाळवावयाच्या आणि बाजारात न्यावयाच्या, असा हा उद्योग अनेक कुटुंबांच्या हाती पावसाळ्यापूर्वी रोख पैसा देतो. माल काळा पडला किंवा ओलसर राहिला तर भाव उतरतो, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु डोळ्यांस स्वच्छ दिसणारी फोड जंतूंपासून मुक्त असतेच असे नाही.

कैरी आंबट असल्यामुळे तीत बहुतेक रोगजंतू वाढत नाहीत. वाळल्यावर तर त्यांना पाणीच मिळत नाही. तथापि साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या मसाल्यांतही कित्येक महिने तग धरतात आणि ओल्या खाद्यपदार्थात मिसळले गेल्यावर पुन्हा वाढू शकतात. ते येतात धुण्याच्या पाण्यातून, कोंबड्या-शेळ्यांच्या विष्ठेतून, माश्यांच्या पायांवरून आणि आपल्या हातांवरून.

अशा जंतूंवर शास्त्रज्ञांनी एक नवे साधन अभ्यासिले आहे. त्यास मायक्रोइमल्शन, म्हणजेच सूक्ष्म पायस म्हणतात. दूध हे साधे पायस होय. त्यात स्निग्धांशाचे थेंब पाण्यात तरंगत असतात, म्हणून ते पांढरे दिसते व ठेवल्यास साय वर येते. सूक्ष्म पायसातील थेंब इतके बारीक असतात की एका मिलिमीटरच्या लांबीत ते दहा हजारांहून अधिक बसतील. त्यामुळे द्रव पाण्यासारखा नितळ दिसतो आणि तेल वेगळे होत नाही. होर व शुल्मन या शास्त्रज्ञांनी अशा मिश्रणाचे वर्णन १९४३ साली केले. मायक्रोइमल्शन हे नाव १९५९ मध्ये रूढ झाले.

खाद्योपयोगी सूक्ष्म पायसात तेल, पाणी आणि त्या दोहोंस जोडणारा, खाण्यास मान्य असा पदार्थ असतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे प्रमाण असलेल्या लॉरिक आम्लापासून तयार होणारे मोनोलॉरिन, ओव्यातील थायमॉल व लवंगेतील युजेनॉल हे जंतुनाशक घटक त्यात विरघळविता येतात. बारीक थेंब जंतूच्या स्निग्ध आवरणास भिडतात, आवरण फाटते व आतील द्रव्य बाहेर गळते. चीनमधील संशोधकांनी २००९ मध्ये मोनोलॉरिनयुक्त पायसाची ई. कोलाय व स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूंवरील मारकता प्रसिद्ध केली.

गेल्या हंगामात एका तरुणाने मला विचारले, "साहेब, ओव्याचे तेल पाण्यात ढवळून फोडींवर शिंपडले तर चालेल काय?" चालणार नाही. नुसते ढवळून तेल पाण्यावर तरंगते. कोठे जास्त पडते, कोठे पडतच नाही. भांडी घासण्याचा साबण त्यात घालणे तर सर्वथा वर्ज्य होय. तयार पायस महाग पडते, त्यास जोडणारा पदार्थ पुष्कळ लागतो, वासही उतरतो. माती व चिकट रस असेल तेथे त्याचा प्रभाव कमी होतो. प्रक्रिया-कारखान्यांना ते उद्या उपयोगी पडेल. अंगणातील आमचुरास मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम पाणी पाहावे. विहिरीच्या किंवा टाकीच्या १,००० लिटर पाण्यास ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर सुमारे २.५ ग्रॅम लागते. गढूळ पाण्यास अधिक. पावडर मिसळल्यावर अर्धा तास थांबावे. जुनी, उघडी राहिलेली पावडर घालून मनाचे समाधान होते, पाणी शुद्ध होत नाही. कैऱ्या सोलण्यापूर्वीच धुवाव्यात, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते. फोडी जमिनीवर न पसरता खाटेवर किंवा उंच मांडवावर स्वच्छ कापडावर पसराव्यात आणि सायंकाळी दव पडण्याआधी झाकाव्यात.

एका गोष्टीकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. दिवसभर कैऱ्या सोलताना बोट कापते, जखम पिकते, आणि त्याच हाताने काम चालू राहते. पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस असतो. भाजी-भाकरीसारख्या अन्नात तो वाढला तर विष तयार करतो. हे विष उकळूनही नाहीसे होत नाही, आणि जंतू मारणारे कोणतेही पायस ते काढून टाकत नाही. ज्याचे बोट कापले असेल त्याने जखम धुऊन पट्टी बांधावी व बरे होईपर्यंत सोलण्याचे व स्वयंपाकाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. त्याने कैऱ्या वाहाव्यात किंवा फोडींची राखण करावी.