पूर्ण ठोकळा: एका चिन्हाचे संकेतांकन

█ हे चिन्ह एका अक्षराची सगळी जागा कडेपर्यंत भरून टाकते. युनिकोडमध्ये त्याचे नाव ‘फुल ब्लॉक’ आहे आणि संकेतांक षोडशमान पद्धतीत २५८८, म्हणजे दशमान पद्धतीत ९६०८. रंग त्याला स्वतःचा नसतो. मजकुराचा असेल तो त्याचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे असतील तर ठोकळाही पांढराच दिसतो.

त्याचा आजचा प्रसार आयबीएमच्या १९८१च्या पीसीमुळे झाला. त्या संगणकाच्या मोनोक्रोम पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी मावत, पण चित्र काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे चौकटी, पट्ट्या आणि आलेख अक्षरसंचातूनच उभे करावे लागत. कोड पेज ४३७ या संचात पूर्ण ठोकळ्याला २१९ हा क्रमांक मिळाला. २२० ते २२३ अर्ध्या ठोकळ्यांना आणि १७६ ते १७८ ठिपक्यांच्या तीन छटांना. २१९ची जागा सोयीची होती. अक्षराची आकृती आठ ठिपके रुंद आणि घर नऊ ठिपक्यांचे; अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून नववा ठिपका कोरा राही. १९२ ते २२३ या क्रमांकांसाठी मात्र यंत्रणा आठवा ठिपकाच नवव्या जागी पुन्हा उमटवी. म्हणून २१९चे ठोकळे ओळीने मांडले की सलग पट्टी होई, छटांच्या ठोकळ्यांत मात्र बारीक फट राही.

अडचण अशी, की २१९ हा आकडा कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात त्या जागी डोक्यावर टोपी असलेला रोमन ‘यू’ होता आणि भारताच्या १९९१च्या इस्की मानकात चक्क पहिली वेलांटी. फाइलमध्ये फक्त आकडा असे. तो कोणत्या तक्त्यातला, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसे.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीने प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक देऊन हा गोंधळ मिटवला. ठोकळ्यांसाठी २५८० ते २५९एफ अशा ३२ जागा आहेत. त्यांतली रचना देखणी आहे: २५८१पासून ठोकळा तळातून आठव्या-आठव्या भागाने चढत २५८८ला पूर्ण भरतो आणि पुढे उजवीकडून तसाच कमी होत जातो. टर्मिनलवरच्या काही प्रगतिपट्ट्या याच ठोकळ्यांच्या आधाराने सरकतात.

क्रमांक ठरला तरी तो साठवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. यूटीएफ-८मध्ये २५८८चे सोळा बिट ४, ६ आणि ६ असे तोडले जातात. पहिल्या तुकड्यापुढे १११० आणि उरलेल्या दोहोंपुढे १० लावले, की ई२, ९६, ८८ हे तीन बाइट तयार होतात. देवनागरी ‘क’लाही तीनच बाइट लागतात. हे तीन बाइट जुन्या विंडोज तक्त्याने वाचले, तर ठोकळ्याऐवजी टोपीवाला ‘ए’, एक आडवी रेघ आणि नुसती टोपी अशी तीन चिन्हे उमटतात. यूटीएफ-१६मध्ये २५ आणि ८८ हे दोन बाइट पुरतात; त्यांचा क्रम उलटा वाचला गेला तर मात्र पडद्यावर एखादे चिनी अक्षर येते.

आकृती काढणे हे संकेतांकाचे काम नाही, ते फॉन्टचे. दोन ओळींत जास्त अंतर असेल तर भिंतीसारखा दिसायला हवा तो भाग पट्टेरी होतो, म्हणून काही टर्मिनल ठोकळे फॉन्टवर न सोपवता स्वतःच रंगवतात. या चिन्हाची रुंदी युनिकोडने ‘संदिग्ध’ ठरवली आहे: चिनी-जपानी मांडणीत ते दोन स्तंभ घेऊ शकते, इतरत्र एकच. देवनागरी फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी दिसणारे चौकोन मात्र हे चिन्ह नव्हे. तिथे मजकूर शाबूत असतो, फक्त आकृती सापडत नाही.

गोपनीय मजकूर लपवताना हाच फरक उपयोगी पडतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरे अनेकदा तशीच राहतात आणि नक्कल करून वाचता येतात. अक्षरांच्या जागी ठोकळेच टाइप केले, तर त्या मजकुरात मूळ संकेतांक उरत नाहीत. ठोकळ्यांची संख्या मात्र मूळ शब्दाइतकी ठेवू नये. नावाची लांबी कळली तरी अंदाज बांधता येतो.