मनांतून न जाणारे बोलपट

आवडता बोलपट कोणता, असें कोणी विचारलें म्हणजे आपण चटकन् एखादें नांव सांगतों. पण तो कां आवडतो, असा दुसरा प्रश्न आला कीं अडखळतों. कथानक सांगूं लागावें, तर अर्धेंअधिक विसरलेलें असतें. मनांत उरलेला असतो एखादा चेहरा, एखादा आवाज, एखाद्या खोलींतला अंधुक उजेड. एवढेंच कां उरावें, याचा विचार मला प्रिय असलेल्या तीन बोलपटांच्या आधारें आज करावयाचा आहे. तिन्ही 'प्रभात'चे आहेत. ही संस्था १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली, १९३३ सालीं पुण्यास आली आणि १९५३ सालीं बंद पडली.

पहिला बोलपट १९३६ सालचा 'संत तुकाराम'. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु माझ्या मनांत ठाण मांडून बसली आहे ती गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई. मूल आजारी, घरांत चणचण, आणि नवरा भजनांत दंग. अशा वेळीं ही बाई पायांतली वहाण हातीं घेऊन देवालाच जाब विचारावयास देवळांत जाते. भक्तीचा महिमा गाणाऱ्या बोलपटानें संसाराची तक्रारहि तितक्याच आपुलकीनें ऐकून घेतली आहे. तुकोबा वैकुंठास जातात, जिजाई मागें राहते; आणि आपण घरीं परततों तेव्हां तीच आपल्याबरोबर येते.

दुसरा 'कुंकू', १९३७ सालचा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं तो निर्माण केला. फसवणुकीनें वृद्ध विधुराशीं लग्न लावून दिलेली नीरा तें लग्न मानावयास नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब यांचा हा झगडा आहे. पण काकासाहेब खलपुरुष नव्हेत, आणि हेंच त्यांतील दुःख आहे. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाहीं. पार्श्वसंगीत आपल्याला कोठें रडावें व कोठें घाबरावें हें आधींच सांगून टाकतें. येथें तसें सांगणारें कोणी नाहीं. भिंतीवरचें जुनें घड्याळ, पावलांचा आवाज, माणसांचें बोलणें, एवढेंच कानीं पडतें. आणि निवाडा आपल्यालाच करावा लागतो. स्वतः केलेला निवाडा माणूस सहसा विसरत नाहीं.

याचा प्रत्यय मला घरींच आला. माझी आजी पंधराव्या वर्षीं एका बिजवराच्या घरांत आली होती. एके संध्याकाळीं दूरचित्रवाणीवर 'कुंकू' लागला. आम्ही नातवंडें, बोलपट फार संथ आहे म्हणून चुळबूळ करीत होतों. आजी शेवटपर्यंत हलली नाहीं. मग पदर सांवरीत एवढेंच म्हणाली, "तिनें निदान बोलून तरी दाखविलें." आजोबा जाऊन तेव्हां कित्येक वर्षें झालीं होतीं, आणि त्या लग्नाविषयीं तिला कांहीं वाटलें असेल, असें आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत कधीं आलें नव्हतें. मीं पुढें तिला कांहीं विचारलें नाहीं. विचारावयास हवें होतें, ही रुखरुख अजून जात नाहीं.

तिसरा १९४१ सालचा 'शेजारी'. जीवबा व मिर्झा हे दोन जिवलग शेजारी. त्यांच्यांत वितुष्ट आणलें जातें, आणि धरण फुटतें त्या घटकेला दोघे पुन्हां एक होऊन मृत्यूला सामोरे जातात. हिंदी आवृत्तींत हिंदु शेजारी मझहर खान यांनीं आणि मुसलमान शेजारी गजानन जागीरदार यांनीं रंगविला, हें मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगें आहे. सहाच वर्षांनीं, १९४७ सालीं, देशाची फाळणी झाली. त्यानंतर हा बोलपट पाहणाऱ्याला पडद्यावरचें पाणी निराळेंच दिसूं लागतें. बोलपट तोच राहतो. आपण जें सोसलेलें असतें, त्याची त्यांत भर पडते.

तात्पर्य, केवळ नेत्रदीपक असलेलें दृश्य डोळ्यांपुरतें राहतें. ज्या बोलपटानें आपल्या घरांतली न बोललेली गोष्ट ओळखली आणि तिच्यासाठीं थोडी जागा मोकळी ठेवली, तो मनांतून जात नाहीं. म्हणून श्रोतेहो, घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांचा आवडता बोलपट कोणता, हें आज जरूर विचारा. आणि कां, हेंहि विचारा. उत्तर येण्यास वेळ लागला, तर मध्येंच बोलूं नका.