घरच्या मीटरवर बिटकॉइन : गोंदियातला हिशेब

बिटकॉइनचे मायनिंग घरी परवडते का, या प्रश्नाचा विचार यंत्राच्या किमतीपासून सुरू केला की उत्तर हमखास चुकते. यंत्राचे पैसे एकदाच द्यायचे असतात. वीज मात्र चोवीस तास लागते, तीही महावितरणच्या घरगुती दराने. म्हणून गोंदिया, तिरोडा किंवा आमगावातल्या घराने हा हिशेब मांडताना आधी विजेचे बिल समोर ठेवावे आणि यंत्राची जाहिरात नंतर पाहावी.

बिटकॉइनच्या व्यवहारांची वही कोणत्याही एका बँकेकडे नसते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी ही वही सुरू झाली. तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांनी तिला व्यवहारांचे एक नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते. ते जोडण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरची यंत्रे एसएचए-२५६ नावाची गणिती क्रिया अखंड करत राहतात. प्रत्येक वेळी एक आकडा बदलायचा, उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आले का ते पाहायचे, नाही आले तर पुन्हा. यात हुशारी काही नाही, निव्वळ वेग आहे. ज्याला उत्तर आधी सापडते त्याला नवी बिटकॉइन बक्षीस मिळतात आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांचे शुल्कही मिळते.

हे बक्षीस सुरुवातीला ५० बिटकॉइन होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते निम्मे होते. २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ असे चार वेळा ते घटून आता ३.१२५ वर आले आहे. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक धरले तर सगळ्या जगाला मिळून रोज ४५० नवी बिटकॉइन मिळतात. यंत्रे कितीही वाढली तरी हा आकडा वाढत नाही, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे जवळपास दोन आठवड्यांनी, गणिताची काठिण्य पातळी आपोआप बदलते. स्पर्धक वाढले की गणित अवघड होते. गोंदियातल्या तांदूळ गिरणीवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. नव्या राईस मिल उभ्या राहिल्या म्हणून बांधीतले धान वाढत नाही, फक्त प्रत्येक मिलच्या वाट्याची पोती कमी होतात.

सुरुवातीच्या काळात साध्या संगणकावरही बिटकॉइन मिळत. मग ग्राफिक्स कार्डे आली आणि २०१३ पासून फक्त याच एका कामासाठी बनवलेली चिप असलेली यंत्रे आली. त्यांना एसिक म्हणतात. २०१६ मध्ये गाजलेले अँटमायनर एस९ सेकंदाला साडेतेरा टेराहॅश, म्हणजे साडेतेरा लाख कोटी वेळा, हे गणित करी आणि सुमारे १,३५० वॉट वीज घेई. त्याच कंपनीचे एस२१ हे यंत्र ३,५०० वॉटमध्ये २०० टेराहॅश करते. दुसरीकडे जगभरच्या यंत्रांची एकूण गती २०२४ च्या एप्रिलात सहाशे एक्झाहॅशच्या आसपास होती. २०२५ मध्ये ती हजारावर गेली. एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. थोडक्यात, तेच यंत्र वर्षभर तसेच चालू ठेवले तरी त्याचा वाटा घटत जातो.

आता बिल. एस२१ दिवसाला ८४ युनिट खाते, तीस दिवसांत २,५२०. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटला प्रत्येकी ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि ५०० च्या वर १७.८१ रुपये असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दरपत्रक वेळोवेळी बदलते, म्हणून ताज्या बिलावरचे आकडे घालून हे गणित पुन्हा करणे बरे. पण जास्त वापराला महाग वीज, हा त्याचा साचा कायम आहे. इथेच घरगुती मायनिंग अडते.

एखाद्या घराचा नेहमीचा वापर महिन्याला २०० युनिट आहे असे धरले, तर यंत्राच्या २,५२० युनिटपैकी पहिली १०० युनिट ११.४६ च्या दराने जातात, पुढची २०० युनिट १५.७२ ने आणि उरलेली २,२२० युनिट सर्वांत वरच्या दराने. बेरीज होते ४३,८२८ रुपये. वीज शुल्क मिळवले की सुमारे ५०,८०० रुपये. इंधन समायोजन आकार असेल त्या महिन्यात त्याहून जास्त. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते, मग ती स्वस्त का नाही, असा सवाल गोंदियात सहज निघतो. पण महावितरणचा घरगुती दर राज्यभर एकच असतो. प्रकल्पाच्या धुराड्याखाली राहणाऱ्यालाही तोच लागू होतो.

उत्पन्नाची बाजू याहून सोपी आहे. जगाची गती १,००० एक्झाहॅश धरली तर २०० टेराहॅशच्या यंत्राचा वाटा पन्नास लाखांत एक इतका येतो. रोजच्या ४५० बिटकॉइनमधून त्याला दिवसाला ०.००००९ आणि महिन्याला ०.००२७ बिटकॉइन मिळतात. एकट्याच्या यंत्राला ब्लॉक सापडण्याची वाट पाहत वर्षेच्या वर्षे जातील, म्हणून हजारो मायनर एकत्र येऊन पूल करतात आणि मिळालेले बक्षीस गतीच्या प्रमाणात वाटून घेतात. पूल एक-दोन टक्के कापून घेतो. व्यवहार शुल्काची थोडी भर पडते आणि ही कपात साधारण भरून निघते. बिटकॉइनचा भाव हिशेबापुरता ९० लाख रुपये धरला तर महिन्याची मिळकत २४,३०० रुपये होते. बिल ५०,८००, मिळकत २४,३००. यंत्राच्या किमतीपर्यंत अजून गोष्ट पोचलेलीच नाही.

जुने यंत्र स्वस्तात मिळते, हा मोह दुसरा. ऑनलाइन बाजारात एस९ काही हजारांत दिसते. पण त्याच भावाने आणि त्याच गतीने त्याची महिन्याची मिळकत होते सुमारे १,६४० रुपये आणि त्याने वाढणारे बिल सुमारे १८,८०० रुपये. हे यंत्र फुकट मिळाले तरी महागच.

त्यानंतर प्राप्तिकर. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे. चार टक्के उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या वेळी एक टक्का टीडीएसही कापला जातो. मायनिंग करणाऱ्याला सर्वांत जास्त बोचणारी तरतूद वेगळीच आहे. या उत्पन्नातून संपादन खर्चाखेरीज दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च संपादन खर्च मानला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. म्हणजे यंत्राची किंमत गेली, बिलही गेले, आणि कर मात्र विक्रीच्या पूर्ण रकमेवर. तोटा झाला तर तो पगाराच्या किंवा शेतीपूरक धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. २४,३०० रुपयांतून कर गेल्यावर हाती उरतात सुमारे १६,७००. युनिटमागे हे ६ रुपये ६३ पैसे पडतात. वीज शुल्क धरले तर घरातली सुरुवातीची शंभर युनिटही या दराने मिळत नाहीत.

भाव वाढला तर? फक्त बिल आणि कर निघण्यासाठी या गणितात बिटकॉइनचा भाव सुमारे पावणेतीन कोटी रुपये लागतो. तेवढा भाव खरेच झाला तर जगभरात नवी यंत्रे लागतील, काठिण्य वाढेल आणि घरच्या यंत्राचा वाटा पुन्हा आकसेल. शेजारच्या भूतानमध्ये सरकारी गुंतवणूक कंपनी स्वस्त जलविद्युतवर आणि थंड हवेत मायनिंग करते. स्पर्धा अशांशी आहे.

हवेचा विषय गोंदियात गौण नाही. यंत्र जेवढी वीज घेते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायला एक टनाचा एसी पूर्ण वेळ लागतो, आणि एसीचे बिल वरच्या हिशेबात धरलेले नाही. अशी यंत्रे साधारण ४० ते ४५ अंश तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पाराच ४५ च्या वर जातो. कूलर लावला तर ओलसर हवेने सर्किट बोर्ड गंजतात. आवाज सुमारे ७५ डेसिबल, तोही अखंड. निवासी भागात रात्रीची कायदेशीर ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारी तक्रार करतीलच. त्याआधी घरचेच करतील.

वायरिंगचेही तसेच. २३० व्होल्टला हे यंत्र १५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेते आणि सोळा अँपिअरचा साधा सॉकेट रात्रंदिवस एवढ्या भारावर ठेवला तर तापून वितळू शकतो. स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची तार, चांगले अर्थिंग आणि मंजूर भार वाढवून घेणे, एवढे किमान करावे लागते. पूर्वमोसमी वादळात वीज वारंवार जाते-येते, तेव्हा यंत्राचा वीजपुरवठा भाग जळण्याची भीती राहते, आणि बंद यंत्र काही कमवत नाही. घरगुती जोडणी धंद्यासाठी वापरल्याचे आढळल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

कुणाच्या डोक्यात शेतीची वीज येते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत विजेची योजना २०२४ पासून आहे. पण ती वीज पंपासाठी मंजूर झालेली असते. मंजूर कारणाखेरीज अन्यत्र वापर हा याच कायद्याच्या कलम १३५ मध्ये वीजचोरीच्या व्याख्येत बसतो.

सौर पॅनेलचा पर्याय जास्त गांभीर्याने तपासण्याजोगा आहे. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. ८४ युनिटसाठी २१ किलोवॉट, म्हणजे जवळपास दोन हजार चौरस फूट मोकळे छत हवे. पंतप्रधान सूर्यघर योजनेतले अनुदान तीन किलोवॉटनंतर ७८,००० रुपयांवर थांबते. पण जागेपेक्षा मोठी अडचण दुसरीच. छतावरचे एक युनिट घरात वापरले तर शुल्कासह तेरा रुपयांहून जास्त बिल वाचते. तेच यंत्रात घातले तर करानंतर साडेसहा रुपये हाती येतात. फुकटच्या उन्हावरही मायनिंग दुसऱ्या क्रमांकावर राहते.

बिटकॉइन सोडून इतर नाण्यांचे काय? २०२१ मध्ये गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम काढण्याची लाट आली होती आणि कार्डांचे भाव कितीतरी वाढले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि लाखो कार्डे एका दिवसात बेकार झाली. मोनेरो साध्या प्रोसेसरवर अजून काढता येते, पण त्यातून येणारी रक्कम किरकोळ असते. ज्याला हे तंत्र शिकायचे आहे त्याच्यासाठी बिटॲक्ससारखी हातात मावणारी यंत्रे आहेत. पंधरा-वीस वॉट, एक टेराहॅशच्या आसपास गती, महिन्याला दहा-पंधरा युनिट. एकट्याने ब्लॉक सापडण्याची सरासरी हजारो वर्षांत एकदा, तेव्हा मिळकतीची अपेक्षा ठेवायची नाही. विद्यार्थ्याच्या प्रयोगासाठी हा खर्च पटण्यासारखा आहे.

ज्याला बिटकॉइनच हवे आहे, त्याच्यासाठी साधी तुलना पुरेशी आहे. बिलात जाणाऱ्या ५०,८०० रुपयांत ९० लाखांच्या भावाने ०.००५६ बिटकॉइन थेट विकत मिळतात. यंत्र देते ०.००२७. यंत्रावर घालायचे तीन लाख धरले तर त्याच रकमेत ०.०३३ बिटकॉइन येतात, आणि तेवढी काढायला यंत्राला बिल न धरताही वर्षापेक्षा जास्त काळ लागतो. विकत घेतलेल्या नाण्याच्या भावाची जोखीम राहतेच, पण मायनिंग करणाऱ्यालाही ती चुकत नाही. मायनिंगवर बंदी घालणारा वेगळा कायदा भारतात नाही. बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. घरगुती जोडणीवर एसिक यंत्र घेण्याच्या आड येते ते मुख्यतः गणित, आणि ते पुरेसे आहे.

हेच गणित माहीत नसल्याचा फायदा घेणारेही आहेत. यंत्र आमच्याकडे, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे भरा, अशा क्लाउड मायनिंगच्या नावाखाली गेनबिटकॉइन ही योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष तिने दाखवल्याचा आरोप आहे. महाराष्ट्रात पुणे आणि नांदेडमध्ये गुन्हे नोंदले गेले, मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली आणि २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. ज्या धंद्यात वीजबिलच मिळकतीच्या दुप्पट होऊ शकते, त्यात दरमहा ठरलेला नफा देऊ करणाऱ्याकडे आधी यंत्राची गती, विजेचा दर आणि पूलमधल्या जमा नोंदी मागाव्यात. मोबाइलवर रोज बटण दाबून बिटकॉइन मिळेल असे सांगणाऱ्या ॲपकडेही हीच मागणी करावी. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० वर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळती होण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक असते.