एलियाहू हन्नाबी: बेने इस्राएल परंपरेतील नबी आणि मूळ पुरुष

हिब्रू ‘नावी’ या शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन पर्याय रूढ झाले. पहिल्यात ज्योतिषाची छटा आहे, दुसऱ्यात निरोप्याची. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल ज्यूंनी मात्र मूळ शब्दच जवळ ठेवला: एलियाहू हन्नाबी. ही निवड केवळ उच्चारापुरती नाही.

‘उत्पत्ती’च्या विसाव्या अध्यायात हा शब्द प्रथम येतो, तोही अब्राहामासाठी. तेथे अब्राहाम कोणतेही भाकीत करीत नाही. तो अबीमलेखासाठी प्रार्थना करील, एवढेच सांगितले आहे. ‘निर्गमा’त अहरोन मोशेचा ‘नावी’ ठरतो, म्हणजे त्याचे मुख. तेव्हा मध्यस्थी हा नबीपणाचा जुना अर्थ आहे. तालमूदाने ४८ नबी व ७ नबिया मोजल्या आणि हाग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यापाशी ही परंपरा थांबली असे मानले. एलियाहूची गोष्ट निराळी. तो मरण पावला नाही. अग्निरथाच्या साक्षीने स्वर्गात गेला, आणि मलाखीच्या अखेरच्या ओळी त्याच्या परत येण्याचे अभिवचन देतात. भेटीला येऊ शकेल असा नबी हाच.

कोकणी आख्यायिका हेच सूत्र पुढे नेते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात स्त्रीपुरुषांच्या जोड्यांपासून समाजाची उत्पत्ती सांगितली जाते. एलियाहू त्यांच्या वंशजांच्या भूमीवर आला आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याहून (घाटातले खंडाळे नव्हे) परतला. तेथील खडकावरच्या खुणा त्याच्या घोड्याच्या व रथाच्या मानतात. जबलपूरच्या मदन महालाजवळचा तोललेला खडक निसर्गाचे नवल म्हणून पाहिला जातो. खंडाळ्याच्या खडकाला मात्र कथेनेच पवित्र केले आहे. तेथील यात्रेला ‘उरूस’ म्हणतात. दर्ग्याशी निगडित हा शब्द ज्यू नबीसाठी सहज वापरला जातो, हे दख्खनच्या सहवासाचेच लक्षण.

नवस फेडताना किंवा मंगलकार्यात होणाऱ्या मलिद्यात गोड केलेले पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडतात. या वेळच्या हिब्रू पठणात इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचनेही येतात. आवाहन एलियाहूचे, शब्द मूळ पुरुषाचे: नबी आणि पूर्वज एका ताटाभोवती एकत्र येतात. १८८० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या बेने इस्राएल कीर्तनांनीही बायबलमधील चरित्रे मराठी कीर्तनपद्धतीत आणली. अब्राहाम आख्यानाचा नायक झाला, पण त्याचा अवतार झाला नाही. ही मर्यादा लक्षात घेतल्याखेरीज ‘हिंदूकरण’ हा शब्द वापरणे घाईचे ठरते.

‘आमच्या पूर्वजांचा देव’ हा दैनंदिन प्रार्थनेतील शब्दप्रयोग १९६० नंतरच्या काळात या समाजासाठी कसोटीचा झाला. इस्रायलच्या प्रमुख रब्बी मंडळाने १९६२ मध्ये विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. बाराव्या शतकात मैमोनिदेसने ओबद्या नावाच्या धर्मांतरिताला लिहिले होते, की अब्राहामाचा मार्ग स्वीकारणारा प्रत्येक जण त्याचाच पुत्र, म्हणून त्यानेही ‘आमच्या पूर्वजांचा’ असेच म्हणावे. पितृत्वाची ही व्यापक कल्पना शास्त्रात असूनही वाद वंशावळीभोवतीच फिरला. बेने इस्राएलांची भूमिका मात्र धर्मांतरितांची नव्हतीच. आपण वंशानेही याकोबाचेच, असे ते म्हणत होते. त्यांच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांना सर्व अर्थांनी ज्यू मानणारी भूमिका घेतली, आणि चौकशीचे निर्देश बदलले. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबे आजही मलिदा करतात.