दोन लाखांचं एस्टिमेट आणि आमची तेरा वर्षांची ऑडी

गेल्या दिवाळीत सोलापूरला जाताना जहीराबादच्या पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढच्या चाकांतून 'खटक्' असा आवाज यायला लागला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, गाडीचे गुडघे गेले वाटतं." निदान अगदी बरोबर होतं.

गाडी २०१२ ची ऑडी ए-फोर, मी सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. हैदराबादला परतल्यावर एका सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं: पुढचे आठ कंट्रोल आर्म १,२४,०००, दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर ४२,०००, बोल्ट आणि अलाइनमेंट ९,०००, मजुरी २४,०००. एकूण १,९९,००० रुपये. गाडी विकली तर जेमतेम पाच लाख येतील. "विकून टाक आणि साधी गाडी घे," बायकोने स्पष्ट सांगितलं. मुलीच्या शाळेची फी त्याच महिन्यात भरायची होती, त्यामुळे तिचं म्हणणं उडवून लावता येत नव्हतं. बाबा मात्र म्हणाले, "लुबाडतायत की खरंच एवढं लागतं, ते आधी बघ तरी."

मी कॉम्प्युटरचा बीई, मेकॅनिकलचा नाही. पण बिल वाचणं हे लॉग वाचण्यासारखंच असतं, हे हळूहळू कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांची घसरत नाही. आमची गाडी आज पाच लाखांची असली तरी तिचे आर्म तीस लाखांच्या गाडीचेच आहेत. मारुतीला पुढे प्रत्येक बाजूला एक खालचा आर्म असतो, हिला चार, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ. त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. खरं तर बिलाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करण्यापेक्षा 'ही विकून दुसरी घ्यायला किती लागतील' याच्याशी करायला हवी.

मग मी एस्टिमेटवर पार्ट नंबर लिहून मागितले. या कंपनीच्या नंबरांची रचना आपल्या डेटाबेसच्या की-सारखी आहे. सुरुवातीचं '८के०' म्हणजे हे मॉडेल. पुढच्या तीन आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो: १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अ‍ॅक्सल. शेवटी अक्षर असलं तर ती सुधारित आवृत्ती. नंबर हातात आला की राणीगंजच्या दुकानात किंवा ऑनलाइन तोच भाग कितीला आहे ते दहा मिनिटांत कळतं. शिवाय हे आर्म ऑडी स्वतः बनवत नाही. लेमफोर्डरसारख्या कंपनीचा आर्म तिच्याच डब्यात घेतला तर बराच स्वस्त मिळतो. मला एक साडेसात हजारांना पडला, एस्टिमेटमध्ये तो साडेपंधरा हजारांचा होता.

आता मजुरी. इथे मी आधी चुकीचा संशय घेतला होता. वरचे आर्म काढायला शॉक अ‍ॅब्सॉर्बरची असेंब्ली खाली घ्यावीच लागते, म्हणून दोन्हींची मजुरी वेगवेगळी लावली असेल तर ती दुहेरी आकारणी होते आणि तसं विचारणं योग्यच. पण वरच्या आर्मना धरणारा लांब स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या नकलमध्ये गंजून असा अडकतो की तो काढण्यात अख्खी दुपार जाते. त्याचे जास्त पैसे मागणं रास्त आहे. नवे बोल्टही बिलात असायलाच हवेत, कारण ते एकदाच वापरायचे असतात. आणि 'रबर बुश चाकांवर भार असताना घट्ट करता ना?' हा प्रश्न जरूर विचारा. गाडी लिफ्टवर लटकत असताना बोल्ट आवळले तर बुश पिळवटून लवकर फाटतो, आणि वर्षभरात तेच बिल पुन्हा येतं.

जीएसटीही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के आहे.

बाहेरच्या गॅरेजात गेलं तर कंपनी वॉरंटी रद्द करते, असं अनेकांना वाटतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड केला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आदेशात होतं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, पण मुद्दा लोकांपर्यंत पोचला. केंद्राचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, त्यात मोटारीही आहेत. बिलाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी एका जुन्या उस्तादाकडे गेलो. त्याने पहार लावून एकेक आर्म हलवून दाखवला. वरच्या चारही आर्मचे बुश फाटलेले, खालचे दोन ढिले. "साब, ये छे बदलो. बाकी के दो नक्को. शॉकां भी नक्को, सूखे हैं." जुने भाग परत मागितले, त्याने न कुरकुरता पोत्यात भरून दिले. सहा आर्म ४५,०००, बोल्ट-अलाइनमेंट ७,०००, मजुरी १६,०००, अडकलेल्या बोल्टचे ४,०००. एकूण ७२,०००.

महिनाभर मी घरात विजयी वीरासारखा वावरलो. संक्रांतीनंतर डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळायला लागलं. म्हणजे सर्व्हिस सेंटरचा तो अंदाज अगदीच हवेतला नव्हता! तीच असेंब्ली पुन्हा खाली आली, तिची मजुरी पुन्हा भरली. दोन्ही शॉक मिळून ४३,००० गेले, बायकोने ते शांतपणे वहीत लिहिलं. तरी एकूण खर्च १,१५,००० झाला.

बाबांनी दोन्ही बिलं आरसीच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फिटनेस लागेल. बायको म्हणते, तेव्हा परत बोलू.