तुरीचं तास

यंदा राजूरच्या आमच्या वावरात तुरीचं एकही तास नाही. बटईदार म्हणाला, तणनाशक मारायचं, मध्ये तूर कशी टिकेल? बाहेरचे लोक आमचं गाव कोळशाच्या खाणीमुळे, चुनाभट्ट्यांमुळे ओळखतात. पण वणी तालुक्यातली ही काळी माती कापसाची, आणि माझ्या लहानपणी कापूस कधी एकटा नसायचा.

1970 नंतर संकरित बियाणं आलं, तरी वडिलांची मांडणी हलली नाही. सहा तास पऱ्हाटी, एक ज्वारी, दोन तूर, पुन्हा एक ज्वारी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही हेच 6:1:2:1 प्रमाण आहे. सरकी चौफुलीवर टोबलेली, म्हणून डवरा उभा-आडवा फिरायचा.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढची दहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सोळाशेच्या घरात. एवढं महाग बी घेतल्यावर तूर म्हणजे वाया गेलेली जागा, असं दुकानदार ठासून सांगायचा. त्याचं ऐकून मीच वडिलांशी भांडलो. त्या भांडणात ते बरोबर होते.

पहिली काही वर्षं कापूस भरपूर झाला, हे नाकारत नाही. पण चार फुटांवर लावलेल्या पऱ्हाटीमधली जमीन जूनभर उघडी राहिली आणि पावसाने वरची माती धुऱ्यापलीकडे नेली. तूर मुळांवरच्या गाठींतून नत्र द्यायची, सोटमुळाने खालचा कडक थर फोडायची, हिवाळ्यात पाला गाळायची. ते सगळं थांबलं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यापाठोपाठ बैलजोडी विकली, उकिरडा रिकामा झाला. जिथे खताची एक गोणी पुरायची, तिथे दोन लागू लागल्या. 2017 साली गुलाबी बोंडअळीने उरलीसुरली मिळकतही पोखरली.

आता सघन लागवडीचा आग्रह आहे: 90 बाय 15 सेंटिमीटर. म्हणजे अंतर पुन्हा बियाण्यावरून ठरणार, मातीवरून नाही. उसाच्या पट्टा पद्धतीत जोडओळींमधल्या रिकाम्या पट्ट्यात हरभरा, भुईमूग घ्या, असं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र सांगतं. भरपूर पाणी असलेल्या त्या पिकाला जे लागतं, ते आमच्या कोरडवाहू कापसाला लागत नाही काय?

वावर बटईने देणाऱ्यांनो, दर आठ-दहा तासांमागे तुरीची दोन तासं बोलणीतच ठरवून घ्या. पुढच्या मृगाआधी मी घेणार आहे.